खाली वाली मशीनं

मी आठवीतून शाळा सोडली आणि इंदूरला आलो, तो टेलिफोनच्या केबलसाठी चर खणायला. लातूरकडची आमची टोळी होती. परदेशीपुऱ्यात एका ऑफिसच्या भिंतीला लागून खणत होतो, तेव्हा आतून एक वयस्क गृहस्थ बाहेर आले. आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "मराठी आहात का भिया? मग उन्हात काय मरता, आत या, चाय प्या." ते काका. टोळी पुढं देवासकडं गेली, मी मागं राहिलो.

आधी त्या ऑफिसात तारा ओढल्या, मग बॅकअपच्या टेपा बदलल्या, मग काकांच्या शेजारी खुर्ची टाकून कमांड शिकलो. भरतीच्या फॉर्मवर 'शिक्षण' असा रकाना होता. काका म्हणाले, "कोरा ठेव. विचारलं तर मी बोलतो." कुणी विचारलं नाही. पण पुढची चार वर्षं कुठल्याही साहेबानं हाक मारली की मला वाटायचं, निघाला तो रकाना.

व्यापारी, दाल मिलवाले, एक रक्त तपासायची लॅब अशांचे सर्व्हर आमच्याकडं असत. पूर्वी प्रत्येकाचं यंत्र वेगळं, अख्खी खोली भरलेली. मग कंपनीनं दोन मोठे सर्व्हर घेतले, एकावर एक बसवले आणि जुनी सगळी यंत्रं त्यांच्या पोटात घातली. लोखंड भंगारात गेलं. यंत्रं तशीच राहिली, फक्त आता ती पडद्यावरची नावं होती. एक कमांड दिली की चालू, एक दिली की बंद, एक दिली की पुसून साफ. मला त्याची गंमत वाटायची. काकांना वाटत नव्हती. खोली इतकी रिकामी झाली होती की बोललेलं घुमायचं, आणि ते तिथं हळू बोलायला लागले होते.

काका आधी समोरच्याच कापड मिलमध्ये होते, बिजली खात्यात. ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर पिंपळ उगवला होता. ते कधी त्याबद्दल बोलत नसत. साहेबांनी सगळं काम स्क्रिप्टवर, म्हणजे ओळीनं आपोआप चालणाऱ्या कमांडांवर, न्यायचं ठरवलं तेव्हा मात्र बोलले.

साहेब नवीन होते, बंगळुरूहून आलेले. त्यांनी दोघांना बोलावून सरळ सांगितलं, "स्क्रिप्ट चल गई तो यहाँ एक आदमी बहुत है. कौन, वो बाद में देखेंगे."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "मिल एकदम बंद नाही होत. आधी एक माणूस दोन सांचे चालवतो, मग चार. चार चालवतो त्याची पीठ थोपटतात. आपण खुश. मग एक दिवस चाळीस सांचे आणि कुणीच नाही." सांचा म्हणजे माग. मी विचारलं, "मग मी ती स्क्रिप्ट लिहू नको का?" तर म्हणाले, "लिही ना. तू नाही लिहिलीस तर दुसरा लिहील, आणि तो तुझ्यासारखा घाबरून नाही लिहिणार."

स्क्रिप्ट मी लिहिली. तिला एक यादी द्यायची. यादीतली यंत्रं ती एकामागून एक बंद करायची आणि त्यांची जागा पुसून मोकळी करायची, कारण नको झालेल्या यंत्रांनी डिस्क भरत आली होती. काका हेच काम हातानं करत. प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत, "हो ना रे?" असं मला विचारत, मी हो म्हटलं की मगच बटण. मीही स्क्रिप्टमध्ये तसा प्रश्न घातला होता, प्रत्येक यंत्रापूर्वी हो की नाही. साहेब म्हणाले, "ये बार-बार पूछेगी तो आटोमेशन काहे का?" मी तो प्रश्न काढून टाकला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. काका तिथंच उभे होते. त्यांनी दुसरीकडं बघितलं.

एका शनिवारी दुपारी साहेबांचा बाहेरगावाहून फोन आला. तो काकांनी घेतला आणि ठेवून मला म्हणाले, "साहेब म्हणतात, आज चालवूनच टाक तुझी स्क्रिप्ट. खाली वाली मशीनं बंद करून टाक."

मी मराठीत ऐकलं. रॅकमध्ये एक सर्व्हर वर होता, एक खाली. खालच्या सर्व्हरवर सात यंत्रं होती. त्यांची कामं साहेबांनी आधीच वरच्या सर्व्हरवर हलवली असतील, असं मला वाटलं. मी ती सात नावं यादीत घातली आणि एंटर मारलं. काका डबा धुवायला गेले होते.

नावं एकेक करून जायला लागली. कसला आवाज नाही, दिवा नाही. एक ओळ यायची, 'बंद'. पुढची ओळ, 'मोकळं'. पाचव्या ओळीला काका आले, ओल्या हातानं डबा धरून, आणि पडद्याकडं बघत राहिले.

"लॅब का बंद केली?"

"खालच्या सर्व्हरवरची ना, काका? तुम्हीच म्हणालात खाली."

"अरे, खाली! खाली म्हणजे खाली! ज्याच्यात कुणी नाही ते!"

इंदूरच्या मराठीत खाली म्हणजे रिकामं, इथं कुणी वापरत नसलेलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तेच वाक्य ते हिंदीत बोलले असते तर मी चुकलो नसतो. पण क्रियापदं मराठी आली की माझा कान लातूरला जायचा. मी वीज तोडायला धावलो. काकांनी मनगट धरलं. "वरचीही जातील. थांब." त्यांनी कीबोर्ड ओढून स्क्रिप्ट थांबवली. तोवर सहा गेली होती.

आदल्या दिवशीची टेप होती. काकांनी एकेक यंत्र हातानं परत उभं केलं, रविवार संध्याकाळपर्यंत. पण शनिवार सकाळचं काहीच परत आलं नाही. लॅबवाल्यांनी त्या सकाळी आलेल्या माणसांना पुन्हा बोलावून पुन्हा रक्त काढलं. त्यांच्यात एक गरोदर बाई होती, असं लॅबचा माणूस फोनवर ओरडून सांगत होता. मी तो रिसीव्हर कानाला धरून उभा होतो.

सोमवारी साहेब आले. "क्या बोला था मैंने?" त्यांनी काकांना विचारलं. "खाली वाली, यही ना?"

साहेबांच्या कानाला त्या शब्दात काहीच वावगं नव्हतं. काकांनी नुसतं हो म्हणायचं होतं. ते तिथं राहिले असते आणि मी चर खणायला गेलो असतो. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

काका म्हणाले, "सर, मैंने इसको नीचे वाली बोल दिया. मेरे सुनने में गलती हो गई. उमर हो गई अब."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. काकांनी माझ्याकडं न बघता टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबून धरला. मी गप्प बसलो. पाय त्यांनी काढल्यावरही गप्पच बसलो, आणि त्याला मात्र त्यांचा पाय जबाबदार नव्हता.

साहेबांनी मला फक्त एवढंच विचारलं, "स्क्रिप्ट में तो कोई खराबी नहीं?"

"नाही... नहीं, सर," मी म्हणालो. "जो बोला, वही किया उसने."

काकांना महिनाअखेरपर्यंत ठेवलं. शेवटच्या दिवशी त्यांचं लॉगिन बंद करायचं काम माझ्याकडं आलं. मी कमांड लिहून नुसता बसलो होतो. ते मागं उभे राहून वाचत होते.

"नाव बरोबर आहे," ते म्हणाले. "मार आता, मला सुदामा नगरची बस पकडायची आहे."