शेवटच्या पंगतीतल्या तायडे मॅडम

तायडे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी चांदूर रेल्वेजवळच्या एका वृद्धाश्रमात जेवायला बसले होते, शेवटच्या पंगतीत. घास उतरत नव्हता, तरी ताट संपवूनच उठले. अर्धं ताट टाकून उठलेलं मॅडमना खपलं नसतं.

आमचं अमरावतीचं कार्यालय सेवाभावी संस्था पारखतं. तिथे काम खरंच चालतं की नुसता फलक आहे, ते देणगीदारांना कळवतं. मी तीन महिन्यांची इंटर्न म्हणून गेले, ती मॅडमच्या हाताखाली. मूळच्या अकोल्याच्या, आवाज खणखणीत. माझा तक्त्यांनी भरलेला पहिला अहवाल त्यांनी उघडलाही नाही. "कागद सारेच चांगले ठेवतात वं. जेवाले कुठं बसली होती तू?" मी संचालकांसोबत, त्यांच्या खोलीत बसले होते. "मंग तू पाहाले गेली होती का पाहुणचाराले?" त्यांची रीत ठरलेली. न कळवता जायचं, जेवणाच्या वेळी जायचं आणि शेवटच्या पंगतीत बसायचं. तिथवर येईतो वरणात किती पाणी पडलं, त्यावरून त्यांना संस्था कळायची.

मग धारणीकडचं मुलींचं वसतिगृह आलं. आमच्या अहवालावर त्याची मदत अवलंबून होती. ती थांबली तर मुली घरी जाणार होत्या. आणि मी दीडशहाणीने आदल्या दिवशी अधीक्षकांना फोन केला, "उद्या दोघी येतोय, जेवायला असू." जेवणाच्या वेळी न कळवता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे आईने लहानपणापासून बजावलेलं. आपलं काही चुकतंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पंगतीलाही वरण घट्ट, भाजी, वर जिलबी. मी खूश. मॅडम जेवत होत्या. शेजारची मुलगी त्यांना हळूच म्हणाली, "मॅडम, उद्या बी या ना."

"काहून वं?"

"तुमी आल्या तं भाजी भेटली."

कालचा माझा फोन मला तेव्हा आठवला.

जीप परतवाड्याकडे निघाली. घाटातल्या दर वळणावर वाटे, आता विचारतील. सांगावं तर पुढची नोकरी गेली. न सांगावं तर त्या मुलींच्या रोजच्या ताटाला 'उत्तम' म्हणणारी माझीच सही. स्टँडवर उतरल्यावर शेवटी बोलले, "मॅडम, काल मी फोन केला होता."

"मले ठाऊक हाय. तू कवा सांगतं, तेच पाहून राहिली होती मी."

मला वाटलं, आता घरी पाठवतील. त्यांनी अहवालात लिहिलं, 'भेटीची सूचना आधी गेली, चूक माझी, ही भेट धरू नये.' खाली त्यांची एकटीची सही. त्यावरून वरिष्ठांनी त्यांना चांगलंच सुनावलं. मी दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकलं, आत गेले नाही. त्याची लाज अजून वाटते.

आठवड्याने आम्ही न कळवता पुन्हा गेलो. वरणात डाळ शोधावी लागत होती. मदत थांबवा, असं मॅडमनी लिहिलं नाही. स्वयंपाकघर अधीक्षकांच्या हातून काढा, असं लिहिलं, आणि विश्वस्त कबूल होईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नाही. नंतरही त्या अधूनमधून जेवणाला तिथे अचानक हजर व्हायच्या. ती मुलगी पुढे 'उद्या बी या' म्हणेनाशी झाली, याचा मॅडमना कोण आनंद!

गेल्या महिन्यात अकोल्यात त्यांच्या पुण्यानुमोदनाला गेले. बुद्धवंदना झाली, पंगती बसल्या. मी थांबून राहिले. शेवटच्या पंगतीला येऊन पाहते तर आमचं अख्खं कार्यालय तिथे ओळीने बसलेलं. मॅडमचा धाकटा भाऊ वाढत वाढत आमच्यापर्यंत आला.

"बाईनं दवाखान्यातूनच बजावलं होतं मले," तो म्हणाला, "शेवटच्या पंगतीचं वरण पातळ होऊ देऊ नोको. माहे पोरं तिथंच बसतीन."

वरण घट्ट होतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.