शेपटीवालं पिल्लू

अकोल्याच्या मावशाच्या मांडीवर ते विलायती कुत्रं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला ओकारीच आली. मावसा म्हणजे माझ्या मायच्या बहिणीचा नवरा, कापसाचा दलाल. कुत्रं शालीत गुंडाळलेलं, नुसतं तोंड बाहेर. ते मावशाच्या ताटात जीभ घालायचं आणि मावसा त्याच ताटातला पुढचा घास स्वतःच्या तोंडात टाकायचा. वर कौतुकानं सांगायचा, "असली जात हाय. साहेब लोकाइकडेच असते." असली म्हणजे अस्सल. अस्सल जातीची लाळ काय अत्तराची असते? पण माझा बा त्या शालीकडं अशा काही नजरेनं बघत होता की मी ओळखलं, आता हे लचांड आमच्याही घरात येणार.

साता समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या काळ्या रानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पैसा आला तशी माणसं चेकाळली. गावात कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कुणी नुसत्याच आतषबाजीत पैसा जाळला. बाच्या डोक्यात कुत्रं शिरलं. साडूकडं आहे आणि आपल्याकडं नाही, एवढंच त्याचं दुखणं.

अमरावतीला कापूस घेणारा एक गोरा साहेब राहायचा. त्याच्या मडमेच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं कळताच बानं दमणी जुंपली. मलाही सोबत घेतलं. जनावर घ्यायचं असलं की तो मला नेहमीच न्यायचा. माझा पायगुण चांगला, असं तो मानायचा.

साहेब आणि मडम घरी नव्हते. खानसाम्यानं मागच्या ओसरीवर टोपली उघडली. आत चार पांढरीशुभ्र पिल्लं होती आणि कोपऱ्यात एक करड्या ठिपक्यांचं, दबून बसलेलं. बानं आयुष्यभर बैलच पारखले होते. त्यानं एकेकाचा जबडा उघडून दात बघितले, पाठीवरचे भोवरे शोधले आणि शेवटी शेपटीला हात घातला. चारही पांढऱ्यांच्या जागी बोटाच्या पेराएवढं थुटुक होतं.

"हे त सारे बांडे हायेत," बा म्हणाला. शेपूट तुटलेला बैल आमच्याकडं कुणी दावणीला बांधत नाही. ठिपकेवाल्याची शेपूट मात्र अख्खी होती, आणि मला बघून ती हलली. "हे पाय, पोरी. हे खरं जनावर."

खानसामा मिशीत हसला. "क्या परख है आपकी, पटेल साहब," म्हणाला आणि असली जातीचा पुरता दाम घेऊन त्यानं पिल्लू माझ्या ओटीत टाकलं. आम्ही दमणीकडं वळलो तेव्हा मागं तो माळ्याला सांगत होता, "मेमसाब ने रंग की खोट देखके जिसको डुबाने को बोला था, वही ले गया." बा पुढं गेला होता. मी ऐकलं, आणि ओटी घट्ट धरून दमणीत चढले.

घरी त्याला सायीचं दूध सुरू झालं. बा ओट्यावर बसून चारचौघांत त्याला चोळून अंघोळ घालायचा. ते बघून माझं अंग शहारायचं. पिल्लावर मात्र मला राग धरता येईना. ते माझ्या पायाशी निजायचं, आणि मी दूर सारत नसे.

दिवाळीला मावसा आला आणि भर ओट्यावर त्यानं आपलं कुत्रं शालीतून खाली सोडलं. त्यालाही थुटुकच होतं. आमचं पिल्लू शेपूट नाचवत पुढं धावलं तसा मावसा तोंडातला पानाचा रस उडेस्तोवर हसला. "पाटील, शेपूट? असली जातीची शेपूट मडमा लहानपणीच कापून टाकतात. तुमाले गावरान देलं त्यानं." बसलेले सगळे हसले. भर सणात बाचं नाक कापलं गेलं.

बा आता पिल्लू विहिरीत टाकणार, या भीतीनं मी ते उचलून ओटीत घेतलं. माय दारातून म्हणाली, "राहू द्या. जीव हाय तो."

"टाकून नाई राहिलो," बा म्हणाला. "असली करतो याले."

सकाळी त्यानं लोहाराला बोलावलं. विळा लाल होईस्तोवर तापवला होता. पिल्लू ओरडलं ते मला गोठ्यात ऐकू आलं. मी धावत गेले तोवर अंगणातला शेपटीचा तुकडा कावळ्यानं उचलला होता. बा धोतराला हात पुसत विचारत होता, "आता कोन म्हणते गावरान?" त्या हातानं दिलेलं त्यानंतर मी खात नसे. त्याच्याशेजारी बसायचीही मला शिसारी येई.

पिल्लू कित्येक दिवस माझ्या ओटीत पडून होतं. जखमेला हळद-तेल मीच लावायची. ते एकदा तरी बाला चावेल, निदान गुरगुरेल, याची मी वाट बघत होते.

जखम सुकली तेव्हा बानं एक नवी शाल आणली. अकोल्याला जायचं होतं, मावशाला दाखवायला. ओट्यावर मांडी घालून त्यानं "ये" म्हटलं. पिल्लू माझ्या ओटीतून उठलं आणि उरलेलं थुटुक हलवत त्याच्या मांडीवर जाऊन बसलं.