पुरुषोत्तमरावांची खिडकी आणि कॉलेजचं स्टँड

नॉटिंगहॅममध्ये आमच्या गल्लीच्या मागे एका कॉलेजचं फुटबॉल मैदान आहे. ते कसकसं वाढत गेलं, हे कॉलेजच्या वेबसाइटवर लिहिलंय, पण त्यात माझ्या शेजारच्या घराचा उल्लेख नाही. हा अन्याय आहे. तिथे राहतात डॉक्टर पुरुषोत्तम सबनीस, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. तिकीट न काढता कॉलेजची प्रत्येक होम मॅच बघितलेला हा गल्लीतला एकमेव माणूस.

ते राहायला आले तेव्हा मैदानाला नुसती दोरी होती. डॉक्टर किचनच्या खिडकीशी भांडी घासत मॅच बघायचे. त्या काळात भांडी फार लख्ख निघायची, असं त्यांच्या पत्नी सुमनकाकू सांगतात. मग कॉलेजने प्रेक्षकांना बसायला पत्र्याचं स्टँड बांधलं, आणि डॉक्टरांनी बेडरूम वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला हलवली. पुढे विटांचं उंच स्टँड झालं. डॉक्टरांनी लॉफ्ट कन्व्हर्जन करून घेतलं, म्हणजे छपराखालच्या माळ्याची खोली केली, "पाहुण्यांसाठी." तिथे पाहुणा झोपलेला कुणी बघितलेला नाही. खिडकीशी खुर्ची, दुर्बीण आणि चिवड्याचा डबा मात्र आहे.

"अहो, एकदा आत जाऊन बसा की," काकू म्हणायच्या.

"आत बसून रेफरीला शिव्या दिल्या तर कळणार कुणाला? इथे निदान तुला कळतात."

गेल्या वर्षी कॉलेजने आणखी मोठ्या स्टँडचा प्लॅन काढला. लॉफ्टच्याही वर जाणारा. आता वर चढायला फक्त छपरावरचं धुराडं उरलं होतं. डॉक्टरांचं जेवण कमी झालं. मी शेजारधर्म म्हणून त्यांना सांगितलं, की खिडकीतून मॅच दिसणार नाही ही तक्रार कौन्सिल ऐकत नाही, पण गार्डनमधलं ऊन अडलं तर ऐकते. एवढंच सांगितलं. पुढचं डोकं त्यांचं.

प्लॅनिंगच्या मीटिंगला डॉक्टर ब्लेझर घालून उभे राहिले. गंभीर आवाजात म्हणाले, की माझी पत्नी दर उन्हाळ्यात त्या गार्डनमध्ये साबुदाण्याच्या पापड्या वाळवते, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, ऊन गेलं तर ती संपेल.

काकूंनी जन्मात पापडी घातलेली नाही. त्यांच्या पापड्या लेस्टरच्या दुकानातून येतात.

"हे कुणाच्या बायकोबद्दल बोलतायत?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"दुसरी कुणी नसेल तर तुमच्याबद्दलच."

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून डॉक्टरांनी तळलेल्या पापड्यांचा डबा आणला होता. तो त्यांनी पुरावा म्हणून फिरवला. कॉलेजतर्फे आलेला गॅरेथ डबा घेऊन बसला तो पुढे सरकवेना. निकाल असा लागला: स्टँड होईल, पण सबनीसांच्या बाजूचा कोपरा उतरता ठेवायचा, म्हणजे गार्डनला ऊन मिळेल. ऊन मिळालं. लॉफ्टमधून आता फक्त कॉर्नरचा झेंडा दिसतो.

स्टँड बांधून झाल्यावर गॅरेथ घरी आला. उद्‌घाटनाच्या मॅचला मिसेस सबनीसांच्या हातच्या पापड्या हव्यात म्हणाला. काकू गोड हसल्या. तो गेल्यावर नवऱ्याकडे वळल्या.

"परंपरा तुमची. घाला."

तर उद्‌घाटनाच्या शनिवारी डॉक्टर गार्डनमध्ये प्लॅस्टिकच्या कागदाशेजारी बसले होते. आधी घातलेला घाणा कॉलेजमध्ये पोचला होता आणि हा दुसरा वाळत होता. हातात कबुतरं हाकलायला काठी. मी कुंपणावरून डोकावलो.

"माझ्याकडे एक जादा तिकीट आहे. येताय?"

"तिकिटावर? मी?" डॉक्टर म्हणाले.

"पापड्या उलटल्याशिवाय कुणी उठायचं नाही," किचनमधून काकू.

मी एकटाच आत जाऊन बसलो. थोड्या वेळाने आपल्या डिफेंडरने बॉल असा काही भिरकावला, की तो उतरत्या कोपऱ्यावरून थेट सबनीसांकडे गेला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. शेवटी गेटमधून डॉक्टर आले. काखेत बॉल आणि बॉलला चिकटलेली एक ओली पापडी. गेटवरच्या माणसाने बॉल बघून वाट सोडली होती.

त्यांनी बॉल आत फेकला, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले आणि रेफरीला मराठीत सुरुवात केली. तिकीट त्यांनी अजूनही काढलेलं नाही.