उचलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा

रिकामी पाकिटं आणि किस्से, दोन्ही गोळा करायला लागलं की ठेवायला जागा पुरत नाही. पाकिटं आम्ही सरकारला देऊन टाकली. किस्से माझ्यापाशीच पडून आहेत, आणि ऐकणारा भेटला की मी त्याला सोडत नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

साठ सालानंतरची गोष्ट. चोरून येणाऱ्या विलायती सिगारेटी लोक किती ओढतात, ते सरकारला मोजायचं होतं. विचारलं तर कबूल कोण करणार? म्हणून रस्त्यात फेकलेली रिकामी पाकिटं वेचायची, आणि त्यात जकात भरलेली किती, चोरटी किती, ते पाहायचं. दुसऱ्या देशांतही अशीच मोजणी चाललीय, आपले आकडे त्यांच्याशी ताडून बघणार, असं आम्हाला सांगितलं होतं. म्हणजे एका कागदावर सिलोन, ब्रह्मदेश आणि आमचं परतवाडा!

अमरावतीच्या हापिसात आम्ही तिघं. पुण्याचे केळकरसाहेब, मोर्शीकडचा मी देशमुख, आणि गवई. गवई मॅट्रिक झालेला, घरातला पहिला सरकारी नोकर, पण टेम्पररी. साहेबांचा नियम एकच: उचलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. एकानंच दोन्ही केलं तर आकड्यावर भरवसा राहत नाही म्हणे. मी जुना, म्हणून मी लिहायचं. गवई नवा, म्हणून त्यानं उचलायचं. यात काही खुपण्यासारखं आहे, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

*

पाकिटांना जोड म्हणून पानठेलेवाल्यांनाही विचारायचं असे. फॉर्मवर दोन रकाने होते, ‘इथली’ आणि ‘बाहेरची’. परतवाड्यात मी चार ठेल्यांवर विचारलं, “सिगारेट इथली किती, बाहेरची किती?” चौघांचं उत्तर एकच, “समदी बाहेरची.” मी रकाना भरून टाकला.

साहेबांनी वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. अख्खं गाव चोरट्या मालावर! दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन बसनं परतवाड्याला गेले आणि पहिल्याच ठेल्यावर दरडावून विचारलं. ठेलेवाला शांतपणे पानाला चुना लावत होता.

“साहेब, परतवाड्यात शिगरेट कुठं बनते? अमरावतीहून येते. मंग बाहेरचीच झाली ना थे?”

*

धामणगाव रेल्वेला गवईची पिशवी तासाभरात भरली. निम्मी पाकिटं विलायती. साहेब खूश, “सापडला अड्डा!” पण पाकिटं सगळी रुळाच्या कडेला सापडलेली. एक हमाल आमची गंमत बघत बसला होता.

“मेल इथं हळू होते साहेब,” तो म्हणाला. “मुंबईचे लोक खिडकीतून फेकतात. आमचं गाव बिडीवालं हाय.”

साहेब विचारात पडले. सिगारेट ओढली गाडीत, पाकीट पडलं धामणगावात. “मग हा धूर कुठल्या जिल्ह्यात धरायचा?”

हमाल म्हणाला, “जिथं खोकला येईन तिथं.”

*

परतताना बसमध्ये गवई माझ्याशेजारी बसला होता. हळूच म्हणाला, “भाऊ, बाबा इचारतात, हापिसात काय करतं. मी सांगतलं, लिहितो.”

छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्याच्या बापानं गावकीची कामं सोडली होती. चावडी झाडणं नाही, मेलेलं ढोर ओढणं नाही. दुसऱ्याचं पडलेलं आता आपल्या घरातलं कोणी उचलणार नाही, असं म्हाताऱ्यानं चार माणसांत सांगितलं होतं, आणि मजुरी करून पोराला शिकवलं होतं.

“त्याईनं मले पिशवी घेऊन वाकलेलं पाह्यलं, तर नोकरी सोडा लागन. आन घरी दुसरं कमावतं कोनी नाही.”

“अरे, ते कुठं अमरावतीले येऊन राहिले,” मी म्हणालो. माझं काय जात होतं बोलायला!

*

अकोल्याला कापसाच्या बाजारात एक दलाल भेटला. बोटांत अंगठ्या, हातात चकचकीत विलायती डबी. साहेबांनी ती उघडायला लावली, तर आत बिड्या.

“डबी पाव्हण्यानं देल्ली,” तो म्हणाला. “बिडी खिशातून काढली त कोनी भाव देत नाही साहेब.”

आता ही देशी लिहायची की विलायती? मी पेन्सिल धरून उभा. साहेब म्हणाले, “लिहा, आतून देशी.” पुढे महिनाभर गवई आणि मी बाजारात कोणी बडेजाव मिरवताना दिसला, की एकमेकांना तेवढंच म्हणायचो.

*

आणि मग तो दिवस. अमरावतीच्या मोटारस्टँडवर आमची मोजणी चालू होती. मोर्शीची बस लागली, आणि एक म्हातारा काठी टेकत उतरला. कंडक्टरला विचारत होता, “गवईसाहेबाचं हापिस कुठं हाय जी?”

गवई पानठेल्यासमोर वाकलेला होता. आवाज ऐकला आणि तसाच थिजला.

त्यांचं गाव आमच्या गावाला लागूनच. हा म्हातारा आमचं अंगण झाडायला यायचा, ते मी लहानपणी पाहिलेलं. मी गवईच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि फॉर्मची पाटी त्याच्या हातात दिली.

“देशमुख, हे काय?” साहेब.

“नियमच आहे साहेब. उचलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा.”

साहेबांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, गवईकडे पाहिलं. मग खिशातलं स्वतःचं फाउंटनपेन काढून त्याला दिलं. “पेन्सिलीनं नको, गवईसाहेब. हे घ्या.”

मी वाकलो. खोटं कशाला बोलू, लाज वाटली. बसच्या खिडक्यांतून मोर्शीचे ओळखीचे लोक बघत होते. चार पाकिटं उचलेपर्यंत माझे कान तापले, आणि हे पोरगं सहा महिने रोज उचलत होतं.

“छाप बोला,” गवई म्हणाला. मान वर केली नाही त्यानं.

मी बोललो. त्यानं लिहिलं. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होता, एकदा पोराच्या हातातल्या पेनाकडे, एकदा माझ्याकडे. मग काठी उचलून त्यानं रस्त्याच्या पलीकडे दाखवलं.

“देशमुख, थे एक रायलं. नालीपाशी.”