ओ देणारा माणूस

फोनवर बोलणारी माणसं जगात उदंड झाली. पण ज्यांच्याशी बोलण्यासारखं काहीही नाही अशा अकरा जणांना रोज सकाळी सहा वाजता न चुकता फोन करणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा मामा आहे. सहाच्या सुमारास आमची घंटी वाजते. "जावयबापू, आवाज येतो ना हो?" "येतो, मामा." "ठीक. ठेवा." संपलं संभाषण. पोरं काय म्हणतात, आंब्याला मोहर किती, काही विचारणं नाही. लग्नानंतर आम्ही दोघं महाबळेश्वरला गेलो होतो, तेव्हा दुसऱ्याच सकाळी लॉजचा मॅनेजर दार बडवायला लागला. रत्नागिरीहून अर्जंट फोन! घरात कुणाचं काय झालं या धास्तीने मी बनियनवरच खाली पळालो. पलीकडून मामा म्हणाले, "आवाज येतो ना हो?" वर परत आलो तर हिने डोळे न उघडताच विचारलं, "मामाच ना?" त्याला पस्तीस वर्षं झाली. एवढ्या काळात मामांची नक्कल मी जितकी केली असेल तितकी दुसऱ्या कुणी केली नसेल, आणि ती करताना मला कधी वाईटही वाटलं नाही.

मामा फौजेत लाईनमन होते. लढाईत मागच्या ठाण्यापासून पुढच्या ठाण्यापर्यंत टेलिफोनची तार ओढायची आणि तुटली की जोडायची, हे त्यांचं काम. पेन्शन घेऊन गावी आले, पण हातातली पकड काही खाली ठेवली नाही. एरवी ती अर्ध्या चड्डीच्या खिशात असते, लग्नकार्याला लेंग्याच्या. लोंबणारी तार दिसली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. माझ्या मेहुणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लाउडस्पीकर खरखरू लागला. मामा मांडवाच्या खांबावर चढले, तार तोडली आणि निवांतपणे सोलायला घेतली. भटजींचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जाईना, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, नवरदेव घामाने निथळला. खालून माझे सासरे ओरडले, "अरे मेल्या, मुहूर्त टळतोय!" मामा वरून म्हणाले, "टळू दे. जोड पक्का हवा." तो इतका पक्का झाला की नंतर मांडववाल्याला ती तार कापूनच न्यावी लागली.

डाव्या हाताची दोन बोटं त्यांना नाहीत. हिला लहानपणी सांगितलेलं, की पूर्णगडला पोहताना मुशी माशाने खाल्ली. मेहुण्याला सांगितलं, नारळ सोलताना कोयत्याने गेली. मला जावई म्हणून जरा मान देऊन सांगितलं, "सरकारजमा झाली." लढाईचं विचारलं तर म्हणायचे, "थंडी फार होती." एका सव्वीस जानेवारीला शाळेने त्यांना भाषणाला बोलावलं. हेडमास्तरांनी फळ्यावर रंगीत खडूने ‘शौर्यगाथा’ असं लिहून ठेवलं होतं. मामा उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "पोरांनो, हाक आली की ओ द्यायची. कंटाळा करायचा नाही. जय हिंद." मग माइकची तार तपासत खाली बसले. अजून काहीतरी येईल म्हणून हेडमास्तर बराच वेळ आशेने बघत राहिले. घरी येऊन मी त्या भाषणाचीही नक्कल केली.

गेल्या थंडीत एका शनिवारी मात्र फोन आलाच नाही. साडेसहाला मामाच आमच्या दारात उभे, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी. "गाडी काढा, जावयबापू. घाटावरची लाईन तुटलीय." त्यांच्या अकरा नंबरांतला पहिला नंबर फौजेतल्या एका दोस्ताचा. शाहूवाडीकडच्या एका गावात, वस्तीपासून लांब, मळ्यात एकटा राहणारा म्हातारा; बायको वारलेली, मुलगा पुण्याला. त्या दिवशी त्याने फोन उचलला नव्हता. मी म्हटलं, झोपले असतील. ही म्हणाली, चार्जिंग संपलं असेल. त्या गावच्या सरपंचाला आणि दूधडेअरीला मामांनी फोन करून झाले होते. सगळ्यांचं म्हणणं, म्हातारा कोल्हापूरला गेला असेल. "आधी पत्रं, मग फोन. पन्नास वर्षांत तो मला न सांगता कुठे गेला नाही हो," मामा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. तो तसा मी कधी ऐकला नव्हता, म्हणून मुकाट्याने गाडी काढली.

आंबा घाट चढून मळ्यात पोचेपर्यंत दहा वाजत आले. दाराला बाहेरून कडी. जमलेली चार माणसं पुन्हा कोल्हापूरचंच बोलू लागली. मामांनी तिकडे लक्षच दिलं नाही. घराभोवती एक फेरी मारून ते मागच्या भिंतीपाशी थांबले. तिथून पाण्याच्या मोटारीची काळी केबल निघून उसात शिरत होती. मामांनी ती डाव्या हातात धरली आणि चालायला लागले. लाईनमन लोक असेच चालतात म्हणे. तार हातातून सोडायची नाही, म्हणजे जिथे बिघाड असेल तिथे माणूस पोचतोच. पंचाहत्तर वर्षांचा गृहस्थ, गुडघे कुरकुरणारे, उसाची पाती तोंडावर ओरबाडतायत, आणि हे दर पन्नास पावलांवर ओरडतायत, "आवाज येतो काय रे?" मी मागून धडपडत होतो. ओढ्याच्या काठाशी अखेर उत्तर आलं, अगदी बारीक. "येतोय, लेका. पर लई उशीर केलास."

मोटर सुरू करायला पहाटे निघालेला म्हातारा ओढ्यात घसरून पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, फोन पाण्यात, अंग गारठलेलं. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर हाती लागले नसते. ते ऐकून मामांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, कडक सॅल्यूट ठोकला. कुणाला ठोकला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला तर तिथेच नाचावंसं वाटत होतं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने मला खाटेजवळ बोलावलं. "बोटांचं काय सांगितलंय यानं तुमास्नी?" मी सांगितलं. तो हसला, आणि मग मला पहिल्यांदा कळलं ते असं. एकाहत्तरच्या लढाईत पुढच्या ठाण्यावर टेलिफोनपाशी हा दोस्त बसलेला. धुकं इतकं, की शत्रू नेमका कुठून येतोय हे फक्त त्या ठाण्यावरूनच कळायचं, आणि त्याने फोनवर सांगितलं तरच मागच्या तोफा बरोबर जागी मारा करणार. तोफगोळ्यांनी तार सारखी तुटत होती. जोडायला दोघं यायचे. एक मामा आणि दुसरा त्यांचा जोडीदार, राजापूरजवळच्या नाटे गावचा. "चारदा दोघं आलं. पाचव्यांदा ह्यो एकलाच आला. हाताला रुमाल गुंडाळल्याला, अन् तारंचं टोक दातात." तार चालू झाली. तोफा बोलल्या. ठाणं हललं नाही, आणि आतली नऊ माणसं जिवंत घरी गेली.

मामा खिडकीशी उभे होते. मी विचारलं, "भीती नाही वाटली, मामा?" "वाटली ना हो! वाटेल नाही तर काय?" ते म्हणाले. "पण हा पलीकडून सारखा हॅलो हॅलो करत होता. मग बसून कसं चालेल?" पस्तीस वर्षांतल्या माझ्या सगळ्या नकला मला एकदम आठवल्या. मला शरम वाटली, आणि हा माणूस आपला आहे याचा अभिमानही वाटला.

परतताना मामांनी गाडी अणुस्कुरा घाटाने घ्यायला लावली. "नाट्याला जायचंय. हे फोनवर सांगायचं नाही." खाडीकडच्या एका कौलारू घराच्या पडवीत एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. जोडीदाराची ती बहीण. तिचाही नंबर त्या अकरांत होता, आणि दवाखान्याच्या धावपळीत तीन दिवस तिला फोन गेला नव्हता. मामांना असं अचानक दारात बघून तिचे हात थांबले.

"घाटावरचा गेला काय?" तिने विचारलं.

"नाय गं. पाय मोडला. बाकी जिवंत हाय, नर्सबायांना शिव्या घालतोय."

तिने खांबाला डोकं टेकून डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून, जणू मलाच समजावून सांगायला हवं अशा सुरात म्हणाली, "माजा भाव त्या घाटावरच्यापायी गेला ना, बाबा. आता भावाचा म्हणून तेवढाच जीव उरलाय." पदराने डोळे पुसून ती उठली आणि आम्हाला जेवून जा म्हणाली. मामांनी सुपातली सुकट पुढे ओढली आणि तिची राहिलेली निवडायला बसले.