कप्तानाचं औक्षण

प्रिय ईशान आणि मही,

तुमच्या शरूआजोबांनी यंत्राची नाव घेतली आहे, हे तुम्हाला फोनवर कळलं होतंच. त्यांच्या वाढदिवसाला मी पुण्याहून कर्जतला गेले ती खरं तर ती नाव बघायला. परत आले ती धडधाकट आले, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं नीट वाचाल.

घाट उतरला की हवा बदलते. जानेवारीची थंडी डब्यात मागे राहते आणि कर्जतच्या फलाटावर स्वेटर काढावा लागतो. शरू आपल्या ताईला न्यायला आला होता. डोक्यावर पांढरी टोपी, पुढे सोनेरी नांगर.

"हे काय रे?" मी विचारलं.

"कप्तान," तो म्हणाला आणि माझी पिशवी उचलून चालू लागला.

दहिवलीला त्यांचं घर आहे. नलिनी, म्हणजे शरूची बायको, शाळेत गणित शिकवायची. आता निवृत्त झाली, पण समोरच्याने उत्तर चुकवलं की भुवई अजून तशीच वर जाते. संध्याकाळी आम्ही गाडीने कोंडाणे लेण्यांच्या पायथ्यापर्यंत फिरून आलो. लेणी वर आहेत, पण माझे गुडघे आता वर चढत नाहीत, म्हणून खालूनच डोंगर पाहिला. रात्री तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ). जेवताना नलिनी हळूच म्हणाली, "वन्सं, उद्या नावेत तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. तुमचं जरा तरी ऐकतात."

याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

सकाळी चौकच्या रस्त्याने लोधिवलीकडे निघालो. गाडी नलिनी चालवत होती. शरू शेजारी बसून तिला कुठे वळायचं ते सांगत होता आणि ती त्याने सांगण्याआधीच वळत होती. गावाच्या मागे एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. खणून खणून सोडून दिली आणि तिच्यात पाणी भरलं. आता ते हिरवंगार तळं झालंय. तिन्ही बाजूंना उभे कातळ, चौथ्या बाजूला उतार. उतारावर फार्महाऊसवाल्यांच्या दोन-चार नावा बांधलेल्या असतात. बाळाराम नावाचे गृहस्थ त्यांची राखण करतात.

"आजी, जाकिट घाला," ते मला म्हणाले. "पानी लय खोल हाय. तळ कुनी बघितला नाय."

मी आणि नलिनीने तरंगायची नारिंगी जाकिटं घातली. आम्हा दोघींनाही पोहता येत नाही. शरूने आपलं जाकीट बाकाखाली सरकवलं आणि बर्फाची पेटी आत चढवली.

"पेटीत काय?"

"जवाचं पाणी."

"शरू, ती बिअर आहे."

"ताई, गाडी चालवताना मी थेंबाला शिवत नाही. पण इथे सिग्नल आहे का? पोलीस आहे? समोरून ट्रक येणार आहे?"

बाळाराम काठावर पोपटी लावत होते. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची आणि मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. ते मान न वळवता म्हणाले, "ट्रक नाय साहेब. कातळ हाय."

निघालो. खरं सांगते, पहिली फेरी सुरेख झाली. पाण्यात आभाळ, कातळाच्या खोबणीत पारवे. यंत्राला एक लाल दोरी असते, तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवतात. तो पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि यंत्र आपोआप बंद पडतं. शरूने हे मला फार अभिमानाने समजावलं. समजावताना पहिली बाटली संपली.

दुसऱ्या बाटलीला तो नौदलात असायला हवा होता, असं त्याचं मत झालं. तिसरीला तो नाव एका हाताने वळवू लागला, आणि तशाच एका वळणावर कातळ एकदम एवढा मोठा झाला की त्यावरचं शेवाळ मला दिसलं. नाव खर्रकन घासली. पाणी आत आलं, नलिनी बाकावरून घसरली आणि तिचा गुडघा फुटला.

"काही झालं नाही!" शरू म्हणाला. "लाट आली."

"खाणीत?" नलिनीने विचारलं.

"अहो, चाक द्या माझ्याकडे," ती पुढे म्हणाली. त्याने चाक घट्ट धरलं आणि नाव पुन्हा डुलली. "कप्तानाला आज्ञा करायची नसते!"

तुमचा आजोबा लहानपणापासून असा आहे. हातातलं ओढून घ्यायला गेलं की मूठ वळतो. झटापट झाली असती तर तिघंही पाण्यात गेलो असतो, आणि त्याच्या अंगावर तर जाकीटही नव्हतं. माझ्या पिशवीत औक्षणाचं ताम्हन होतं, पोपटीच्या वेळी काठावर ओवाळायचं म्हणून आणलेलं. मी ते बाहेर काढलं.

"शरू, मुहूर्त टळतोय. चल, बस."

"आत्ता?"

"आईने तुला दुपारी बारानंतर कधी ओवाळलं होतं का?"

आईचं नाव काढलं की तो अजून ऐकतो. यंत्र मंद करून तो माझ्यासमोर येऊन बसला. दोरी ताणली जाऊन यंत्रातून निसटली, यंत्र बंद झालं. मनगटाला लोंबणारी दोरी मी सोडवली. "ओवाळताना हातात असलं काही नको," म्हटलं आणि ती मागे नलिनीकडे दिली. मग बाकाखालचं जाकीट काढलं. "सत्काराला शाल हवी ना?" त्याने हसत हात पुढे केले. मी पट्टे घट्ट आवळले.

"पूर्वेला तोंड कर."

त्याने केलं. पण यंत्र बंद पडलेली नाव स्वतःभोवती संथ फिरते. मी कुंकू लावेपर्यंत त्याचं तोंड दक्षिणेला गेलं. तो सरकला. मी सुपारी ओवाळली, तोवर पश्चिम आली. तो पुन्हा सरकला.

"ताई," तो गंभीरपणे म्हणाला, "पूर्व पळतेय."

"तू तिच्या मागे जा. मी थांबते."

वाऱ्यात निरांजन पेटेना. मी एकेक काडी सावकाश ओढत राहिले. त्याच्या पाठीमागे नलिनी चाकापाशी जाऊन बसली, दोरी मनगटाला अडकवली आणि यंत्र सुरू केलं. नाव सरळ काठाकडे निघाली.

शरूने मान वळवली. कपाळावर कुंकू, टोपीवर अक्षता. "नलू? तुला येतं?"

"सहा महिने तुमचं बघतेय. त्याच्या उलट केलं की झालं."

काठावर बाळारामांनी आम्हाला उतरवून घेतलं. शरूला आपादमस्तक पाहून म्हणाले, "साहेब, लगीन लागलं काय?"

शरूने पोपटीही घेतली नाही, तो आंब्याखाली जाऊन झोपला. शेंगा धुरकट, गोडसर, अप्रतिम होत्या, पण मी दोन-चारच खाल्ल्या. भाऊ कायमचा दुखावला असेल तर, हे मनात होतं. ऊन कलल्यावर तो उठला. आधी नावेपाशी गेला आणि घासलेल्या जागेवरून बराच वेळ हात फिरवत उभा राहिला. मग बाळारामांकडून गार झालेल्या शेंगा मागून घेतल्या आणि नलिनीच्या शेजारी बसून तिला सोलून देऊ लागला. तिनेही त्या खाल्ल्या. त्या दोघांत माफी अशीच मागतात.

दुसऱ्या दिवशी फलाटावर त्याने मला विचारलं, "ताई, कातळ किती जवळ होता गं?"

मी दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली.

"नलूने किल्ली घेतलीय," तो मग म्हणाला. "म्हणते, चढायच्या आधी सांगायचं, आज चालवणार की पिणार. दोन्ही नाही."

"मग रविवारी काय ठरलं?"

तो विचारात पडला. गाडी आली, त्याने माझी पिशवी वर ठेवली, खाली उतरला, गाडी हलली, तरी त्याचा विचार संपेना. फलाट सरू लागल्यावर तो खिडकीबरोबर चालत ओरडला, "पिणार! नलू चालवेल!"

सगळा डबा माझ्याकडे बघू लागला. मी खिडकीबाहेर हात काढून त्याला शाबासकी दिली. तुम्हीही आता गाड्या चालवता, म्हणून तुम्हालाही मी एवढंच विचारणार आहे, बाळांनो. दोन्हीपैकी काय ते आधी ठरवा आणि मोठ्याने सांगा. मला कुठलंही उत्तर चालेल.

तुमची,
आजी