भिंतीमागं डोंगर होता

आधीच सांगतो, भूतबित आपण मानत नाही. दार आपोआप वाजतं? उंबऱ्याखाली फट असते! फटी शोधणं हाच माझा धंदा. दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवायचा आणि घरातली हवा बाहेर ओढायची. बाहेरची हवा जिथून आत घुसते, तिथं उदबत्तीचा धूर हलतो... चोर सापडला! अशा किती भुतांना मी सिलिकॉन भरून मोक्ष दिलाय.

तर जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्याजवळ, दत्तू अण्णांचं नवं घर. डोंगर कापून बांधलेलं. बायको शांताक्का दम्यानं हैराण. त्यांच्यासाठी एक खोली हवाबंद करून हवा शुद्ध करायचं मशीन लावायचं होतं.

सकाळी सकाळी पंखा सुरू केला. अण्णा म्हणाले, "सायेब, घराचं धोतार फेडालासा काय?"

खाटेवरून शांताक्का धापा टाकत म्हणाल्या, "घराचं ऱ्हाऊ द्या, माझ्या छातीतली फट बुजवा की!"

खिडक्या, पाइप, सगळं बुजवलं. तरी पंख्याच्या मीटरवरचा गळतीचा आकडा उतरेना. शेवटी मागच्या भिंतीशी उदबत्ती धरली. धूर भिंतीकडं गेला... थांबला... परत आला. पुन्हा गेला. पंखा बंद केला, तरी तेच! गिलाव्याला केसाएवढी चीर नाही. आणि त्या भिंतीमागं मोकळं काही नव्हतंच. डोंगर होता. अख्खा, मातीचा.

मी काय केलं? सवयीनं, धूर हलत होता तिथं भिंतीवर टेप चिकटवली. चांगली चोपून.

शांताक्कांची धापच थांबली. वळून बघतो तर तोंड उघडं, डोळे पांढरे. अण्णांनी पंप तोंडात दिला, काही उपयोग नाही. मला काय सुचलं कुणास ठाऊक... झडप घालून टेप ओरबाडली.

शांताक्कांनी श्वास घेतला. धूर भिंतीपासून आमच्याकडं आला. श्वास सोडला. धूर भिंतीकडं गेला.

"योगायोग," मी म्हणालो.

"मग लावतासा परत?" अण्णांनी विचारलं.

नाही लावली. हात उचललाच नाही.

गेल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. "सायेब, डोंगर खचालाय. सरकारी मानसं घर सोडा म्हणून सांगून गेल्यात. पन त्या दिवसापास्नं हिला भायेर काढली की कोंडतंय. जीपनं फाट्यापातूर न्हेली आन् परत आणली. आता हितंच हाय. काय करू?"

मी — लग्नाच्या पंगतीत माईक न सोडणारा माणूस — फोन कानाला चिकटवून ऐकत राहिलो. फोनमध्ये पाऊस ऐकू येत होता, आणि त्यामागं शांताक्कांचा श्वास. संथ, मोकळा.

"सायेब, हाय न्हवं?" अण्णा विचारत होते.

"हाय," एवढंच म्हणालो.